जुन्या पोलादी सायकलीच्या फ्रेमला वेगळ्या मापाचा सीटपोस्ट बसवताना

जुन्या पोलादी फ्रेमची सायकल हाती आली की पहिली अडचण बहुधा सीटपाशी येते. सीट ज्या दांड्यावर बसते तो मूळ सीटपोस्ट आखूड असतो, गंजलेला असतो किंवा मधल्या काळात कोणीतरी बदललेला असतो. आज दुकानात सहज मिळणारा चांगला पोस्ट बहुतेक वेळा २७.२ मिलिमीटरचा असतो आणि तो जुन्या फ्रेममध्ये जात नाही. अशा वेळी ‘नळी आतून थोडी घासून घ्या’ असा सल्ला लगेच मिळतो. काही फ्रेमच्या बाबतीत तो बरोबर आहे, काहींच्या बाबतीत मात्र तो फ्रेम कायमची निकामी करणारा आहे. आपली फ्रेम यांपैकी कोणत्या प्रकारातली, हे नळीच्या जाडीवरून ठरते आणि जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपर, थोडा धीर व थोडे गणित पुरते. नळीतून काढलेले पोलाद परत भरता येत नाही, म्हणून पुढील मजकुरात कापण्याआधीच्या कामाला मी जास्त जागा दिली आहे.

माप कोठून येते

इंग्लिश मापाच्या फ्रेममध्ये सीटखालच्या उभ्या नळीचा बाहेरचा व्यास एक इंच आणि एक अष्टमांश, म्हणजे २८.६ मिमी असतो. जुन्या फ्रेंच फ्रेममध्ये तो २८.० मिमी असतो. हा ०.६ मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण या कामात तोच निर्णायक ठरतो. बाहेरचा व्यास ठरलेला असल्यामुळे नळी जितकी जाड, तितके आतले भोक लहान आणि तितका पोस्ट बारीक, असा सरळ हिशेब आहे.

बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली आणलेल्या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या ‘५३१’ नळ्यांचे उदाहरण घेऊ. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी ओढण्याचे पेटंट त्याच घराण्याकडे १८९७ पासून होते. उभ्या नळीला मात्र वरच्या टोकाला जाडी नको असते, कारण तेथे पोस्ट सरकला पाहिजे. त्यामुळे ती फक्त खाली, पॅडलचा आस ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटपाशी (बी.बी.), जाड ठेवत. वर तिची जाडी साधारण ०.६ मिमी धरली, तर दोन्ही बाजूंचे मिळून १.२ मिमी वजा जाऊन आतला व्यास २७.४ मिमी उरतो. ब्रेझिंगच्या, म्हणजे वितळलेल्या पितळाने नळ्या जोडण्याच्या, उष्णतेने नळी किंचित वेडीवाकडी होते, शिवाय पोस्ट सरकायला थोडी मोकळीक लागते. ते धरून पोस्ट २७.२ मिमीचा येतो. हेच गणित ०.९ मिमी जाडीच्या सरळ नळीला लावले की पोस्ट २६.६ किंवा २६.८ चा निघतो, आणि दीड मिमीच्या पुढे जाडी असलेल्या साध्या पोलादी नळीला २५.४ चा. म्हणजे पोस्टवर ठोकलेला आकडा हा एका अर्थाने फ्रेमच्या नळीचा दर्जाच सांगत असतो, अर्थात तो पोस्ट त्याच फ्रेमचा असेल तर.

आधी अडकलेला पोस्ट, मग माप

फ्रेममध्ये असलेला पोस्ट निघत नसेल तर पुढचे सगळे थांबते. पोलादी पोस्ट गंजाने धरलेला असतो. अॅल्युमिनियमचा पोस्ट पोलादी नळीत ओलाव्याबरोबर राहिला की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन अॅल्युमिनियमचे पांढरे भस्म तयार होते, आणि ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे पोस्ट पाचर मारल्यासारखा बसतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत किंवा चार पावसाळे ग्रीसशिवाय काढलेल्या सायकलीत हा प्रकार हमखास आढळतो. सीटचा बोल्ट पूर्ण काढावा, नळीच्या मागच्या चिरेतून आणि वरच्या कडेने भेदक तेल सोडावे, फ्रेम उलटी टांगून बी.बी.च्या बाजूनेही तेल आत जाऊ द्यावे आणि दोन-तीन दिवस ते पुन:पुन्हा द्यावे. त्यानंतर पोस्टचे डोके भक्कम व्हाइसमध्ये धरून संपूर्ण फ्रेमच तरफेसारखी सावकाश, दोन्ही दिशांना थोडी थोडी फिरवावी. अॅल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते व थंडीने तितकेच जास्त आकसते, म्हणून पोस्टच्या पोकळीत बर्फ भरल्याने मदत होते. कॉस्टिक सोड्याने अॅल्युमिनियम विरघळते हे खरे आहे. परंतु त्या क्रियेत हायड्रोजन सुटतो, द्रावण उकळू लागते आणि डोळ्यांना व त्वचेला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे तो मार्ग मी घरी कोणालाही सुचवणार नाही.

पोस्ट निघाल्यावर नळी रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडी करावी व आत टॉर्च मारून पाहावे. पाण्याची बाटली धरून ठेवण्यासाठी जोडलेले नट नळीत आतवर डोकावतात का, लगमधून (नळ्यांच्या सांध्यावरच्या पोलादी खोळीतून) ओघळलेल्या पितळाचा थेंब आत गोठला आहे का, गंजाने खड्डे पडले आहेत का, या तीन गोष्टी याच वेळी दिसतात. खोल खड्डे दिसले तर त्या फ्रेमला आतून घासण्याचा विचार तेथेच सोडावा.

आता माप. जुन्या पोस्टवरचा आकडा किंवा नळीच्या तोंडाशी घेतलेले माप, या दोहोंवर विसंबून राहू नये. नळीच्या मागच्या बाजूला चीर असते आणि बोल्ट आवळला की ती मिटते. एखाद्या मालकाने मापापेक्षा बारीक पोस्ट घालून तो हलू नये म्हणून बोल्ट जोरात आवळला असेल, तर लगचे दोन्ही कान एकमेकांकडे वाकलेले असतात आणि तोंड कायमचे आवळलेले असते. त्या तोंडाशी २६.४ भरते, तर दोन बोटे खाली तीच नळी २७ ची असते. चिरेच्या दोन्ही कडा समांतर आहेत की वरच्या टोकाला जवळ आल्या आहेत, हे नुसते पाहूनही कळते.

व्हर्निअरचे आतील जबडे फार खोल जात नाहीत, म्हणून चिरेच्या खाली माप घेण्यासाठी टेलिस्कोपिक गेज वापरावा. तो नसेल तर याहून सोपा आणि माझ्या मते जास्त भरवशाचा उपाय म्हणजे लेथवर पायऱ्यापायऱ्यांचा पोलादी गज करून घेणे: २६.२, २६.४, २६.६ असे ०.२ च्या टप्प्याने २७.२ पर्यंत, प्रत्येक पायरी साधारण २५ मिमी लांब आणि बारीक टोक पुढे. हा गज तेल लावून नळीत सोडला की कोणती पायरी जाते आणि कोणती अडते, हे हाताला समजते. पुण्याच्या भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणताही टर्नर हे काम थोड्या वेळात करून देतो. एकदा केलेला गज पुढच्या प्रत्येक फ्रेमला उपयोगी पडतो.

बाहेरचा व्यास लगच्या खाली, उघड्या नळीवर मोजावा. लगवर मोजलेल्या मापाचा काहीही उपयोग नाही, कारण तेथे लगची जाडीही धरली जाते, आणि लग संपल्यावर पोस्टचा भार एकट्या नळीवरच येतो. जुन्या रंगाचे एकावर एक थर असतात, म्हणून झाकली जाईल अशा जागी रंग किंचित खरवडून उघड्या धातूवर माप घ्यावे. बाहेरच्या व्यासातून आतला व्यास वजा करून दोनने भागले की जाडी मिळते.

तोंड सरळ करणे

तोंड आवळलेले असेल तर ते मूळ आकारात आणणे हेच पहिले काम आहे, आणि कित्येकदा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो. एक टोक निमुळते केलेला, नळीच्या खऱ्या मापाचा पोलादी दंडगोल ग्रीस लावून तोंडात ठेवावा आणि लाकडी मोगरीने हलके ठोकत आत न्यावा. चिरेच्या तळाशी तडा गेलेला नाही ना, हे भिंगाने आधी पाहून घ्यावे. तडा सापडल्यास ब्रेझिंग जाणणाऱ्या कारागिराकडेच फ्रेम द्यावी. कान स्क्रू ड्रायव्हरने फाकवणे मात्र टाळावे, कारण त्यामुळे कानाची कड दबते आणि नळी गोल होण्याऐवजी पेरूच्या फोडीसारखी उघडते.

मी पुण्यात जुन्यात घेतलेल्या एका इंग्लिश फ्रेमचे असेच झाले होते. तिच्यात २६.४ चा पोस्ट होता, लगचे कान एकमेकांना टेकले होते आणि उभ्या नळीवर ५३१ ची खूण होती. खुणेचे आणि पोस्टचे जमत नव्हते. तोंड सरळ केल्यावर गजाची २६.८ ची पायरी सहज गेली, २७.० ची घट्ट बसली आणि २७.२ ची अडली. बाहेरचा व्यास २८.६ भरला, म्हणजे जाडी ०.८ मिमी होती. ही फ्रेम मुळात २७.२ साठीच केलेली असून आत गंज, पितळ आणि ब्रेझिंगचा मळ यांमुळे आकसली आहे, असा अर्थ मी लावला आणि आतून साफ करून तिला २७.२५ पर्यंत नेले. उरलेली जाडी ०.६७ मिमी आहे. अशा वेळी नळी घासणे म्हणजे फ्रेम बदलणे नव्हे, तिला तिच्या मूळ मापावर आणणे होय.

दुसरी फ्रेम फ्रेंच होती, बाहेरून २८.० आणि आतून २६.४५. तिची जाडी पाऊण मिमीच्या थोडी वर होती आणि तिला २६.४ चाच पोस्ट हवा होता. तिच्यात २७.२ चा पोस्ट जावा म्हणून नळी घासली असती तर भिंत ०.४ मिमीहून कमी उरली असती. त्या जाडीची नळी लगच्या खालच्या कडेपाशी आज ना उद्या चुरगळते किंवा चिरते, आणि ते सायकल चालत असताना घडते. तिला मी हात लावला नाही; पोस्टच बदलला.

फ्रेमऐवजी पोस्ट

जो बदल उलटवता येतो तो आधी करावा. फ्रेमच्याच मापाचा पोस्ट मिळतो का, हे सर्वप्रथम पाहावे, २५.४ पासून २७.२ पर्यंत बहुतेक मापांचे अॅल्युमिनियमचे पोस्ट तयार होतात, फक्त ते मागवावे लागतात. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींच्या जाड नळीला तर २५.४ चा आधुनिक, सीटचा कल बदलता येणारा पोस्ट घेणे हाच मला एकमेव शहाणपणाचा मार्ग वाटतो.

हवा असलेला पोस्ट नळीपेक्षा बारीक असेल तर अस्तर, म्हणजे शिम, घालावे. दोन व्यासांतील फरकाचा निम्मा भाग ही अस्तराची जाडी: २७.२ च्या नळीत २५.४ चा पोस्ट घालायचा तर ०.९ मिमी. अस्तर लेथवर पितळाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या नळीतून काढावे, निदान ८० मिमी लांब ठेवावे, वर कॉलर ठेवावी म्हणजे ते आत घसरत नाही, आणि त्याला उभी चीर देऊन ती फ्रेमच्या चिरेसमोर आणावी. फरक फक्त ०.२ असेल तर ०.१ मिमी जाडीचा पितळी शिम-पत्रा एक वेढा गुंडाळून भागते. पत्र्याची टोके एकमेकांवर चढू देऊ नयेत.

पोस्ट नळीपेक्षा जाड असेल आणि फरक ०.४ मिमीपर्यंत असेल, तर पोस्ट लेथवर उतरवून घेता येतो. फ्रेंच फ्रेमसाठी मी २६.८ चा पोस्ट २६.४ वर आणला, म्हणजे त्याच्या भिंतीतून ०.२ मिमी गेले. येथे तीन अटी काटेकोरपणे पाळाव्यात. पोस्ट अॅल्युमिनियमचा आणि निदान दोन मिमी जाडीचा असावा. काहींचे आतले भोक लंबगोल असते, तेव्हा सर्वांत पातळ जागी माप घ्यावे. कार्बन फायबरच्या पोस्टला लेथवर अजिबात लावू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फक्त आत जाणारा भाग उतरवून पायरी ठेवू नये. सीटवरच्या माणसाच्या वजनाने पोस्ट वाकू पाहतो आणि तो ताण नेमका नळीच्या तोंडाशी सर्वाधिक असतो. तेथेच पायरीचा कंगोरा आला तर तडा तेथूनच सुरू होतो. म्हणून जवळजवळ पूर्ण दांडा डोक्याच्या खालपर्यंत एकसारखा उतरवावा आणि शेवटी काटकोन न ठेवता गोलाई द्यावी. वरचा रंगीत थर निघून जातो, हे मान्य करावे लागते. टर्नरला हे तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर रेखाटून द्यावे.

नळी आतून मोठी करणे

हे काम मी पुढील मर्यादा ठेवूनच करतो: रेनॉल्ड्स किंवा इटलीची कोलंबस यांसारख्या कंपन्यांच्या मिश्र पोलादाच्या नळीत काम संपल्यावर ०.६ मिमीच्या खाली जायचे नाही, आणि साध्या पोलादाच्या नळीत १ मिमीच्या खाली जायचे नाही. नळी कोणती हे कळत नसेल तर ती साधी आहे असेच धरावे.

लागणारे साहित्य म्हणजे २७ मिमीच्या आसपास फिरवता येणारा अॅडजस्टेबल रीमर (भोक आतून कापून मोठे करणारे पात्यांचे हत्यार), तो फिरवण्याचा टॅप-हँडल, कटिंग ऑइल आणि शेवटच्या हातासाठी ब्रेक सिलिंडर घासण्याचा तीन दगडांचा होन. हे मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत मिळते. रीमरच्या पात्या उतरत्या खाचांत बसवलेल्या असतात. एक नट सैल करून दुसरा आवळला की त्या सर्व मिळून वर सरकतात आणि व्यास वाढतो. पात्या लांब असल्यामुळे रीमर नळीच्या अक्षात राहतो, आणि हाच त्याचा होनपेक्षा मोठा गुण आहे. होन नळीचा लंबगोलपणा तसाच ठेवून फक्त आकार वाढवतो.

फ्रेम पातळ नळीवर कधीही व्हाइसमध्ये धरू नये. बी.बी. काढून तिचे कवच लाकडाच्या जबड्यांत धरावे, म्हणजे नळी उभी राहते. नळीत खोलवर दोरी बांधलेला तेलकट फडक्याचा बोळा बसवावा, म्हणजे कीस खाली जात नाही आणि काम झाल्यावर बोळा वर ओढता येतो. चिरेत तिच्याच जाडीची पितळी पट्टी घालून बोल्ट जेमतेम लावावा. पट्टीमुळे चीर मिटत नाही आणि रीमरची पाती चिरेत अडकून कड फाडत नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी ही पट्टी घातली नव्हती, आणि चिरेच्या कडेला पडलेली खाच कानशीने सरळ करावी लागली.

रीमर आधी असा लावावा की तो नळीत नुसता टेकेल. मग व्यास साधारण ०.०५ मिमीने वाढवून, भरपूर तेल देऊन, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश फिरवत आत न्यावा. बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवावा. उलटा फिरवल्यास कीस पातीखाली चिरडला जातो, पातीची धार जाते आणि नळीला उभे ओरखडे पडतात. प्रत्येक फेरीनंतर रीमर पुसावा, नळी पुसावी आणि गज किंवा नवा पोस्ट घालून पाहावा. घाई येथेच अंगाशी येते, कारण शेवटच्या दोन फेऱ्यांमध्ये ‘जात नाही’ पासून ‘सैल जातो’ पर्यंतचे अंतर फार थोडे असते. पोस्ट जेमतेम जाऊ लागला की रीमर बाजूला ठेवून होन घ्यावा. होन हळू फिरणाऱ्या ड्रिलला लावून, तेलासह, वरखाली एकसारखा चालवावा. चिरेच्या भागात दगड अडकतो, म्हणून पितळी पट्टी तशीच राहू द्यावी.

खोली किती ठेवावी, याचा निर्णय आधीच घ्यावा. पोस्ट निदान ६५ मिमी आत असावा आणि त्याचे खालचे टोक आडव्या दांड्याच्या खालच्या कडेच्याही खाली गेलेले असावे. पोस्टवर किमान खोलीची रेघ असेल तर तीही आत असावी. यांतील जी खोली सर्वांत जास्त असेल तिच्यापुढे १५ मिमीपर्यंत नळी मोठी करावी, त्याहून खाली नाही. लांब पोस्ट पूर्ण आत जावा म्हणून संपूर्ण नळी घासण्यापेक्षा पोस्टचे खालचे टोक, वरील अट सांभाळून, हॅक्सॉने कापणे चांगले. घासलेला भाग जेथे संपतो तेथे पायरी राहू नये म्हणून होनने तो शेवट मिसळून टाकावा.

योग्य जुळणीची खूण अशी की बोल्ट सैल असताना ग्रीस लावलेला पोस्ट एका हाताने फिरवत आत जातो, आडवा हलवल्यास टकटक करत नाही, आणि बोल्ट आवळल्यावर चिरेच्या कडा समांतर राहतात. पोस्ट धरण्यासाठी बोल्ट फार आवळावा लागत असेल तर जुळणी सैल झालेली आहे, आणि कान पुन्हा वाकण्याआधी पितळी पत्र्याचे अस्तर घालावे.

काम संपल्यावर बोळा ओढून काढावा, नळी रॉकेलने धुवावी आणि फ्रेम उलटी करून बी.बी.च्या कवचातून सर्व कीस झटकावा. बेअरिंगमध्ये गेलेला पोलादाचा कीस काही दिवसांत कप खराब करतो. आतून उघड्या झालेल्या पोलादावर ग्रीसचा थर द्यावा, पोस्टलाही ग्रीस लावावे, चिरेची कड व लगचे टोक रंगाने झाकावे. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर पोस्टवर नळीच्या कडेशी पेन्सिलने केलेली खूण खाली सरकली आहे का ते पाहावे, आणि पुढे दर वर्षी मृगाच्या आधी व दिवाळीच्या सुमारास पोस्ट पूर्ण बाहेर काढून, पुसून, नवे ग्रीस लावून पुन्हा बसवावा.